खुर्ची भरलेली, गल्ला रिकामा

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"मॅडम, मी कराडला सहा वर्षं स्वतःचं डेंटल क्लिनिक चालवते. वय ३४. सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेनऊ बसते. संध्याकाळी बाहेर बाकड्यावर जागा नसते, लोक म्हणतात डॉक्टरीणबाईंचं जोरात चाललंय, आणि महिनाअखेर हातात उरतात वीस-बावीस हजार. उधारीच्या वहीत १ लाख ८० हजार पडलेत. दोन वर्षांत चौथी असिस्टंट सोडून गेली. सासऱ्यांच्या ओळखीचे लोक 'नुसतं बघून दे गं' म्हणत येतात, परवा त्यांच्या एका मित्राची कॅप लॅबमधून आलीय, त्यांचे आधीच दोन हजार बाकी आहेत आणि मागायला जीभ रेटत नाही. रात्री अकराला लोक व्हॉट्सॲपवर हिरड्यांचे फोटो टाकतात. शेजारचे एक डॉक्टर पेशंट पाठवतात पण आता त्यांना 'काहीतरी' हवंय. नवरा म्हणतो बंद कर आणि पुण्यात नोकरी धर. डीलर म्हणतो दुसरी चेअर घ्या, लोन करून देतो. खर्चाचा कागद सोबत जोडलाय. काय करू?"

अगं, सगळ्यात आधी त्या डीलरला चहा पाजून वाटेला लाव. दुसरी चेअर वगैरे काही नाही. तुला अगंतुगं करतेय, राग मानू नकोस, माझी लेक तुझ्याहून थोडीच लहान आहे आणि मी स्वतः सत्तावीस वर्षं दातच उपटतेय, त्यामुळे तुझ्या कागदावरचे आकडे बघून मला माझी पहिली दहा वर्षं आठवली.

आपल्याला कॉलेजात काय शिकवलं, तर दात. चार वर्षं आणि वर इंटर्नशिप. पण एका आरसीटीला, म्हणजे रूट कॅनलला, आपल्याला स्वतःला किती खर्च येतो हे एका माणसानं पाच मिनिटं उभं राहून सांगितलं नाही. मग आपण रेट कसा ठरवतो, तर समोरच्या चौकातला डॉक्टर ३,२०० घेतो ना, मग आपण ३,०००. झालं मॅनेजमेंट!

तुझा कागद मांडते. भाडं १८,०००. दोन मुलींचे पगार मिळून १८,०००. ईएमआय ३१,०००. लाईट, नेट, पाणी ५,५००. विमा, बायोमेडिकल वेस्टवाले, एएमसी म्हणजे मशीनच्या देखभालीचा करार, सीए हे सगळं वर्षाचं महिन्यावर आणलं तर ४,५००. झाले ७७,०००. लॅब आणि मटेरियल ५५,०००, ते कामाप्रमाणे कमीजास्त होतं म्हणून बाजूला ठेवू. तुझं कलेक्शन १ लाख ५५ हजार, म्हणजे उरले २३,०००, तू लिहिलंस जवळपास तेवढेच. हिशोब बरोबर आहे तुझा, फक्त त्यात दोन ओळी लिहायच्याच राहिल्यात. एक, मशीन बिघडतात. कॉम्प्रेसर जाणार, दात कोरायच्या एअररोटरचं कार्ट्रिज जाणार, त्याचे महिन्याला ५,००० बाजूला टाकायला हवेत. आणि दुसरी ओळ म्हणजे तू. त्या अख्ख्या कागदावर क्लिनिकमध्ये राबणाऱ्या सगळ्यांचे पगार आहेत, डॉक्टरचा नाही. तू उरलंसुरलं खातेस. पुण्यात नोकरी केलीस तर काहीतरी पगार मागशीलच ना? ६०,००० धर. आता एकूण झाले १ लाख ४२ हजार.

आता दुसरा आकडा. नऊ तास क्लिनिक उघडं असतं, पण पेशंट खुर्चीत आहे आणि तुझे हात त्याच्या तोंडात आहेत असे तास किती? तू लिहिलंयस की सकाळी साडेअकरापर्यंत कुणी फिरकत नाही आणि संध्याकाळी साडेचार ते सहा पण तसंच, म्हणजे फार तर सहा. महिन्याचे २५ दिवस धरले तर १५० तास. १ लाख ४२ हजार भागिले १५०, तुझ्या खुर्चीचा एक तास पडतो साधारण ९५० रुपयांना. लॅब आणि मटेरियल सोडून. हा आकडा एका चिठ्ठीवर लिही आणि ड्रॉवरमध्ये आतून चिकटव, पेशंटला दिसायला नको पण तुला रोज दिसायला हवा.

मग बघ गंमत. तू आरसीटी तीन सीटिंगमध्ये करतेस, प्रत्येक पाऊण तासाची, म्हणजे सव्वादोन तास. खुर्चीचेच झाले २,१४०. फाइल्स, इंजेक्शन, बाकी मटेरियल धरून ५००. एकूण २,६४०. घेतेस ३,०००. राहिले ३६०. आणि ओळखीचा आला की पाचशे कमी करतेस! म्हणजे त्या माणसाचा दात तू तुझ्या खिशातले १४० रुपये घालून वाचवलास आणि वर तो बाहेर जाऊन सांगणार, डॉक्टर महाग आहेत हो.

'नुसतं बघून दे' वाल्यांचं तर विचारूच नकोस. पंधरा मिनिटं जातातच, आरसा घे, लाईट मार, समजावून सांग, त्यांच्या सुनेच्या दाताची चौकशी ऐक. २४० रुपये. दिवसाला असे तीन, महिन्याला १८,०००. आणि तुझं भाडं किती? १८,०००. म्हणजे सासऱ्यांचं मित्रमंडळ तुझ्या क्लिनिकच्या भाड्याएवढं महिन्याला चावून जातंय. बरं हे लोक सकाळी साडेदहाला खुर्ची रिकामी असताना आले असते तर मी एक शब्द बोलले नसते, पण नाही, येणार संध्याकाळी सातलाच, पैसे देणारा बाकड्यावर बसलेला असताना.

म्हणूनच म्हटलं की दुसरी चेअर नको. तुझी पहिलीच खुर्ची रोज तीन तास मोकळी असते. दुसरी आणलीस तर ईएमआय वाढणार, माणूस वाढणार, आणि सात वाजताची गर्दी तशीच राहणार कारण हात तर तुझे दोनच आहेत. त्याऐवजी हेच सहा तास आठ कर. २०० तास झाले की तुझा तास ९५० वरून ७१० वर येतो, एक रुपया रेट न वाढवता. त्याच आरसीटीत मग ३६० ऐवजी ९०० राहतात.

हे करायचं कसं, तर "या ना संध्याकाळी कधीही" हे वाक्य आजपासून बंद. कधीही म्हटलं की सगळे सातलाच येतात. वेळ द्यायची, आणि लांबलचक कामं, आरसीटी, अक्कलदाढ, ब्रिजचं माप, ही सकाळी. लोक सकाळी येत नाहीत हे मला सांगू नकोस. नोकरदार येणार नाहीत, बरोबर आहे, पण रिटायर्ड लोक, गृहिणी, दुकानदार, शेतकरी हे सकाळीच मोकळे असतात, आणि खेड्यावरून एसटीनं येणाऱ्याला तर सकाळचीच वेळ हवी असते कारण त्याला परतीची गाडी गाठायची असते. त्यांना आजवर कुणी विचारलं नाही इतकंच. संध्याकाळ छोट्या कामांना, फिलिंग, स्केलिंग, टाके काढणं. दुपारी पाऊण वाजता आणि संध्याकाळी सहाला एकेक अर्धा तास मुद्दाम मोकळा ठेव, ठणका लागलेला माणूस अपॉइंटमेंट घेऊन येत नाही, त्याला तिथे बसवायचं. आदल्या दिवशी असिस्टंटनं प्रत्येकाला फोन करायचा, मेसेज नाही, फोन. मी सुरू केलं तेव्हा मला ते चेन क्लिनिकवाल्यांचं खूळ वाटायचं, पण दांड्या मारणारे निम्म्यानं कमी झाले.

अमावस्या आणि पितृपक्ष मात्र तुझ्या हातात नाहीत. दात काढायला लोक येत नाहीत, त्यांच्याशी वाद घालू नकोस, ते दिवस साफसफाई, सर्व्हिसिंग आणि स्वतःच्या सुट्टीसाठी धर. तसंच लग्नसराईत सगळ्यांना हळदीच्या आदल्या दिवशी पुढच्या दाताची कॅप हवी असते, ते आधीच ओळखून लॅबला सांगून ठेवायचं.

आता पैसे मागणं. मला माहितीये की खरी गाठ इथे आहे. आपल्याला वाटतं मागितलं की आपण व्यापारी झालो. मला विचारशील तर काम झाल्यावर मागणं हेच अवघड असतं, आधी सांगणं सोपं असतं. एक्स-रे बघून झाला की एका छापील कागदावर लिहून द्यायचं, या दाताला हे काम, इतकी सीटिंग, इतके पैसे, त्यात कॅप धरलीय की नाही तेही. त्यावर पेशंटची सही. सुरू करताना निम्मे, आणि कॅपचं माप घ्यायच्या आधी पूर्ण. मापाच्या आधीच का, तर माप लॅबला गेलं की लॅबचं बिल तुझ्या डोक्यावर, पेशंट पुढे येवो न येवो. आणि दुसरं म्हणजे आरसीटीच्या पहिल्या सीटिंगला ठणका थांबतो, आणि ठणका थांबला की पेशंटला डॉक्टर आठवत नाही, तो थेट सहा महिन्यांनी दाढेचा तुकडा हातात घेऊन येतो की तुमची आरसीटी फेल गेली. तुझी वही उघडून बघ, १ लाख ८० हजारांतले बरेचसे असेच अर्धवट सोडून गेलेले असतील. त्यांना "पैसे राहिलेत" म्हणून फोन करू नकोस. "तुमच्या दाढेचं काम अर्धवट आहे, कॅप नाही बसवली तर दाढ फुटू शकते, कधी येताय" असा फोन करायला लाव, जो खरंच करायला हवा. आले की काम पूर्ण होतं आणि हिशोबही निघतो. जे येणारच नाहीत ते पैसे मनातून काढून टाक, माझेही बरेच असेच गेलेत.

तुमच्याकडे ऊसवाले बरेच असतील. "बिल आलं की देतो" हे खोटं नसतं, कारखान्याचं बिल येईपर्यंत त्याच्या हातात खरंच पैसा नसतो. त्याला नाही म्हणू नकोस, फक्त दुखणं आत्ता थांबव आणि कॅप-ब्रिजची तारीख बिलानंतरची दे. उधारी त्याची नाही वाढत, तुझीही नाही.

आणि पैशाचं बोलणं तू करायचं नाही. हातात ग्लोव्ह्ज असताना तर अजिबात नाही. कागद तू समजावायचा, पैसे काउंटरवरच्या मुलीनं घ्यायचे. कुणी आत येऊन "डॉक्टर, जरा बघा की" म्हणालं तर "ते सगळं तीच बघते, मलाही ऐकत नाही" म्हणायचं आणि हसायचं. रेटचा बोर्ड बाहेर लाव, बोर्डावर लिहिलेल्या आकड्याशी लोक कमी भांडतात. आणि दिवाळीनंतर रेट थोडा वाढव, ३,००० खरंच कमी आहेत, पण आधी महिनाभर बोर्डावर तारीख लिहून.

सासऱ्यांचं प्रकरण नाजूक, कबूल. माझ्या सासूबाईंनी एकदा अख्खी भिशी आणली होती, अकरा बायका, अकरा तोंडं, आणि माझं एकही पैशाचं काम त्या दिवशी झालं नाही! मी त्या रात्री नवऱ्याला आणि सासूबाईंना बसवून नावं लिहून काढली, घरचे म्हणजे नक्की कोण. आठ नावं निघाली. त्यांना सगळं फुकट, आनंदानं. बाकी कुणीही असो, तपासणी सकाळी, आणि सवलत असली तर तपासणीत, कामात नाही. सासूबाई चार दिवस गप्प होत्या. मग स्वतःच लोकांना सांगायला लागल्या, "तिचं आता सगळं काउंटरवर असतं बाई." तूही अण्णांना, म्हणजे तू सासऱ्यांना काय म्हणतेस माहीत नाही, पण त्यांना हिशोबाचा कागदच दाखव. भाड्याचा आकडा आणि मित्रांचा आकडा शेजारी शेजारी. जुन्या माणसांना रुपये लगेच कळतात. आणि ज्याला खरंच परवडत नाही त्याचं फुकट कर की, जरूर कर, आठवड्यातली एक सकाळ त्याच्यासाठी ठेव, पण ते तू ठरवून केलेलं असू दे, भिडेपोटी नको.

असिस्टंटबद्दल थोडं खरं बोलू? चार जणी गेल्या म्हणजे चौघी वाईट नव्हत्या. माझ्याकडे सुरुवातीला एक मुलगी होती, पाच वर्षं टिकलेली, एकदा तिनं चुकीचा ट्रे लावला म्हणून पेशंटसमोर तिला मी असं काही बोलले की ती संध्याकाळी चावी टेबलावर ठेवून गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी कळलं की लॅबवाल्याचा नंबर, कुणाची कॅप कुठे, हत्यारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमध्ये पाणी कोणतं, हे सगळं तिच्या डोक्यात होतं, माझ्याकडे काहीच नव्हतं. दोन आठवडे मी आंधळ्यासारखी चाचपडत होते. तेव्हापासून सगळं भिंतीवर लिहिलेलं असतं, मराठीत, मोठ्या अक्षरात. सकाळी उघडताना काय, कॉम्प्रेसरचं पाणी काढायचं, सक्शनची लाईन धुवायची, ऑटोक्लेव्हला डिस्टिल्ड वॉटरच. दोन पेशंटच्या मध्ये काय. सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिक लाल पिशवीत. बंद करताना काय. नवी मुलगी आली की आठवड्यात तयार होते, आणि चूक झाली तर मी भिंतीकडे बोट दाखवते, तिच्याकडे नाही.

पगार एक तारखेला, कलेक्शन झालं असो वा नसो. आठवड्याची सुट्टी पक्की. संध्याकाळी साडेनऊला सुटणाऱ्या मुलीच्या घरी काय बोलणी होतात याचा विचार कर, जमल्यास तिला आठला सोड आणि शेवटचा दीड तास दुसरीला दे. १०,००० ची मुलगी गेली आणि नवीन शिकवताना महिनाभर तुझा रोज एक तास गेला तर २५ तास, म्हणजे जवळपास २४,००० रुपये. त्यापेक्षा दोन हजार पगार वाढवलेला स्वस्त पडतो की नाही सांग.

फोनचं सोपं आहे. क्लिनिकचा नंबर वेगळा घे आणि तो फोन रात्री क्लिनिकमध्येच राहू दे. व्हॉट्सॲप बिझनेसला आपोआप जाणारा मेसेज लावता येतो, त्यात लिही की उत्तर सकाळी दहानंतर मिळेल, पण सूज गळ्याकडे उतरत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तोंड उघडत नसेल किंवा रक्त थांबत नसेल तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. आणि पोराचा पक्का दात पडून मुळासकट हातात आला तर तो मुळाकडून न धरता, न घासता, थंड दुधात टाकून तासाभरात डेंटिस्टकडे न्या, आणि त्यासाठी हा नंबर, म्हणून तुझा दुसरा नंबर दे. असा फोन वर्षातून दोनदा येईल. बाकी हिरड्यांचे फोटो सकाळी.

त्या शेजारच्या डॉक्टरांचं 'काहीतरी': नाही द्यायचं. आपल्या आचारसंहितेत कमिशन देणं-घेणं दोन्ही बसत नाही हे तर आहेच, पण हिशोबातही बसत नाही, ३६० रुपये राहतात त्यातले कुणाला काय देणार आहेस? त्याऐवजी त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक पेशंटमागे चार ओळींची चिठ्ठी परत पाठव, काय सापडलं, काय केलं, शुगर वाढलेली दिसते तुम्ही बघाल का. कमिशन मागणारा एक जाईल, पण गावातल्या इतर तीन-चार फिजिशियननाही अशा चिठ्ठ्या जायला लागल्या की तिथून पेशंट यायला लागतात. डायबेटिसच्या पेशंटच्या हिरड्या तशाही आपल्याकडे यायलाच हव्यात.

टॅक्सचं थोडक्यात, कारण ते काम सीएचं. तुझं वर्षाचं कलेक्शन १८ लाख ६० हजारांच्या आसपास जातं. प्रोफेशनल लोकांसाठीची जी कलेक्शनच्या निम्मं उत्पन्न धरण्याची सोय आहे त्यात तू बसतेस का, आणि २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही ते तुला कसं लागू होतं, एवढे दोनच प्रश्न घेऊन जा. पण एक काम उद्याच कर, क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा लावलायस तो काढ. क्लिनिकचं खातं वेगळं, त्यातून एक तारखेला मुलींचे पगार जातील तसे तुझ्या घरच्या खात्यात पगार म्हणून पैसे जाऊ देत. सुरुवातीला ६०,००० नाही जमणार, २५,००० टाक. पण टाक.

नोकरी धरायची की नाही हे मी सांगणार नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न आहे आणि नोकरीत वाईट काही नाही. फक्त आत्ताच्या २३,००० शी तुलना करून ठरवू नकोस. सहा महिने वरचं करून बघ आणि मग नवऱ्यासमोर नवीन कागद ठेव, त्याला तुझं क्लिनिक नकोय असं मला पत्रावरून वाटत नाही, त्याला तू रात्री दहाला जेवायला बसतेस ते बघवत नसावं.

सोमवारपासून एका साध्या वहीत पेशंट खुर्चीत बसल्याची आणि उठल्याची वेळ असिस्टंटला लिहायला सांग, महिनाभर. सहा तास हा मी धरलेला आकडा आहे, कदाचित पाचच निघतील.

आणि हो, सासऱ्यांच्या त्या मित्राची कॅप. त्यांना काउंटरवरून फोन जाऊ दे की काका, कॅप आलीय, सकाळी साडेदहाची वेळ ठेवलीय, राहिलेले दोन हजार घेऊन या. तू आत बस, कॅप चिकटवायचं सिमेंट कालवू नकोस, आणि बाहेर पावती फाडल्याचा आवाज येईपर्यंत बोलव म्हणून सांगू नकोस.